चादरीची दोन टोकं

दोन्ही घरं एका छपराखाली आली ती शेवटी मधल्या भावामुळेच, पण मधले गेल्यावर. जिवंतपणी त्यांनी तसा एकदाही प्रयत्न केला नव्हता. सकाळी थोरल्या भावाकडे जेवायचे, संध्याकाळी धाकट्याच्या घरी, आणि इकडचं तिकडे एक अक्षर सांगायचे नाहीत. असा गरीब गाय माणूस कुटुंबात असला की बाकीच्यांची भांडणं अगदी सुखात चालतात.

उद्या त्यांना जाऊन वर्ष होत होतं. वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. गावच्या बँडनं मधल्यांची धून वाजवायची आणि क्लॅरिनेटला त्यांची लेक बसायची, असं ठरलं होतं. सभागृह आज कुठल्याशा परीक्षेला दिलेलं, म्हणून तालीम घरच्या जुन्या लाँड्रीत ठेवली होती, घड्या घालायच्या खोलीत. थोरल्यांच्या बायकोनं, थोरलीनं, सकाळीच बॉयलर बंद करायला लावला, इस्त्रीच्या रोलरवर जाड कापड टाकलं, लांब टेबलं भिंतीला सारली आणि खुर्च्या मांडल्या. मांडताना धाकट्या जावेची खुर्ची आपल्यापासून जास्तीत जास्त लांब कुठे येईल, याचा तिनं नीट विचार केला. दाराजवळ, वाऱ्यात. सर्दी झाली तर झाली.

धाकटी आली, खुर्चीकडे पाहिलं, काय ते समजली आणि बसली. वाटणी झाल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षं, या खोलीत तिचा पाय पडला नव्हता. दोघी जावांमधून विस्तव जात नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. हॉटेलांच्या चादरी धाकटीकडे, दवाखान्यांच्या थोरलीकडे, आणि उशीची एखादी खोळ चुकून इकडची तिकडे गेली तर ती आणायला तिसराच माणूस पाठवायचा, इतकं ते टोकाला गेलेलं.

मुळात भांडण झालं ते घड्या घालायच्या मशीनवरून. धाकटीला मशीन आणायचं होतं. थोरली म्हणाली, माझे हात अजून मोडलेले नाहीत. तेव्हा दोघींच्या हातात एकच चादर होती. "मग दोन्ही टोकं तुम्हीच धरा," म्हणून धाकटीनं आपल्याकडचं टोक सोडलं आणि ती चालती झाली. चादर जमिनीला टेकली. धुतलेली चादर जमिनीला टेकवणं म्हणजे या घरात शिवीच. तिथून बोलणं बंद पडलं आणि वर्षाच्या आत धंद्याचे दोन तुकडे झाले.

आता थोरलीनं नवऱ्याला सांगितलं, तिकडे चहा हवा का विचारा. थोरल्यांना एका कानानं ऐकू येत नाही, आणि सोयीचं नसेल तेव्हा दुसऱ्यानंही नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी मधल्यांच्या लेकीनंच दोन्ही काकूंना कप नेऊन दिले. ही दवाखान्यात एक्स-रे काढते. आई लवकर गेली, म्हणून हिची वेणी सकाळी मोठी काकू घालायची आणि अभ्यास संध्याकाळी लहान काकू घ्यायची. वाटणीत रोलर, गाडी, टब, सगळं वाटून झालं. ही तेवढी दोघींचीही राहिली होती.

बँडमास्तरांनी हात वर केला. यांचं चौकात चष्म्याचं दुकान आहे आणि स्वतःचा चष्मा ते दिवसभर शोधत असतात. धून सुरू झाली. खालच्या सुरात, कुणी अंगण झाडत असावं तशी सावकाश. मग वर चढली, ताणली गेली, आणि अचानक थांबली. सगळा बँड गप्प. लेकीनं डोळे मिटून एक बोट वर धरलं होतं, हुबेहूब बापासारखं. मग बोट खाली आलं आणि धून पुढे निघाली. पुढे जाऊन पुन्हा थांबली. आणि आणखी एकदा.

"तर या तीन ठिकाणी पाहुणे वाजवणार," धाकटीचे चिरंजीव उठून म्हणाले.

चिरंजीवांचं सगळं झोकात असतं. हॉटेलवाल्यांत ऊठबस, फोन सतत कानाला. सभागृह त्यांनीच मिळवलं होतं, आणि मोठ्या शहरातला एक नावाजलेला क्लॅरिनेटवाला, जो टीव्हीवर दिसतो, त्यालाही त्यांनीच गळ घातली होती. काकावर त्यांचं प्रेम होतं, यात शंका नाही. फक्त आमंत्रणपत्रिकेत त्यांनी छापून टाकलं होतं की अपूर्ण राहिलेली धून उद्या मान्यवरांच्या हस्ते पूर्ण होणार आहे. जशी काही ती एखादी कोनशिलाच.

थोरलीनं पत्रिका आता पाहिली. कप खाली ठेवून तिनं विचारलं, अपूर्ण कोण म्हणालं? चिरंजीव म्हणाले, सगळेच म्हणतात. ती म्हणाली, सगळे म्हणजे कोण ते नावानिशी सांग. आमच्या माणसानं जन्मभर वाजवली ती धून अर्धवट, आणि काल आलेला कुणी ती पुरी करणार, असं गावाला सांगायचंय का? त्यावर थोरले एकदम बोलले की बरोबर आहे, मग नेमकं काय बरोबर आहे ते त्यांनी विचारून घेतलं. धाकटीनं मुलाची बाजू घेतली नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं.

थोरलीनं बँडमास्तरांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते मधल्यांच्या शेजारी बसून वाजवत आले होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"वहिनी, खोटं कशाला बोलू? तिन्ही जागा सारख्या असत्या तर मी म्हटलं असतं, मुद्दाम ठेवल्यात. पण पहिली लांब, दुसरी तिच्याहून कमी, तिसरी तर एवढीशी. तालाला इतका पक्का माणूस असं का करेल? पुढचं सुचलं नसणार. मी त्यांना विचारायचो, तर नुसते हसायचे."

हसायचे, हे खरं. एकदा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा माणूस गावात आला होता. बागेतल्या चौथऱ्यावर बँड वाजत होता, त्यानं ही धून ऐकली आणि तो तिथंच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी घरी आला. म्हणाला, आमच्याकडे या, ध्वनिमुद्रण करू, तेवढ्या तीन जागा भरून द्या. मधले म्हणाले, ते तसंच आहे. त्या माणसानं समजावलं, थोरल्यांनी समजावलं, थोरलीनं तर चांगलं फैलावर घेतलं की भाऊजी, नशीब दारात उभं आहे आणि तुम्ही त्याला चपला काढायला सांगताय. मधले तिच्याकडे बघून हसले आणि रोलरवर कामाला निघून गेले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण मधल्यांचं जिथं विकलं असतं तिथंही त्यांनी विकू दिलं नाही. घरात सगळ्यांनी त्याला हट्ट म्हटलं. थोरलीनं सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

वाद मिटेना, तेव्हा बँडमास्तर म्हणाले, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू, मग ठरवा.

थोरली हाताची घडी घालून बसली. खरं सांगायचं तर ही धून तिनं अशी बसून कधी ऐकलीच नव्हती. संध्याकाळी बागेत बँड वाजायचा त्याच वेळी दवाखान्याची गाडी यायची; गठ्ठे मोजून चढवायचे कुणी? तिनं ऐकली होती ती फार पूर्वी, इथे, याच खोलीत, लग्न होऊन आल्यानंतरच्या दुपारी. दुपारी बॉयलर निवत ठेवला की मधले पालथ्या टबावर बसायचे आणि क्लॅरिनेट काढायचे. मशीनचा वाद निघायच्या आधीच्या त्या दुपारी. वाटणीनंतर त्यांनी इथे वाजवणं सोडलं. का सोडलं, हे तिनं कधी विचारलं नाही.

धून वर चढली, ताणली गेली, थांबली. आणि थोरलीचे हात उठले.

तिनं ते उठवले नव्हते. घडी आपोआप सुटली, मुठी वळल्या, हात खांद्याइतके फाकले आणि मनगटांनी एक झटका दिला. रिकाम्या हवेला. तिनं घाईघाईनं हात खाली घेतले आणि कुणी पाहिलं का म्हणून समोर बघितलं. दाराजवळच्या खुर्चीत धाकटीचेही हात वर होते. तशाच मुठी, तसेच फाकलेले.

दोघींची नजरानजर झाली. धाकटीनं हात पाठीमागे लपवले, जशी काही चोरी पकडली गेली.

थोरलीला एकदम सगळं आठवलं. म्हणजे हे असं होतं तर! नव्या नव्या दोघी जावा, घड्या घालताना एक ओढायची तेव्हा दुसरी सोडायची, रोज कटकट, रोज चादर वाकडी. मधल्यांनी वैतागून एक दिवस क्लॅरिनेट काढलं होतं आणि म्हणाले होते, माझ्या तालावर घाला. चादर ताणली जाईपर्यंत ते वाजवायचे, मग थांबायचे. त्या थांबण्यात या दोघींचा झटका, चालत एकमेकींकडे येणं, टोकाला टोक लावणं आणि घडीवर थाप. मग पुन्हा धून. पहिल्या घडीला अख्ख्या चादरीची लांबी चालावी लागायची, दुसरीला निम्मी, तिसरीला दोन पावलं. म्हणून जागा लहान लहान होत गेलेल्या! मधल्यांचं काहीही सुचायचं राहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि त्या कंपनीच्या माणसासमोर ते जे हसले होते, ते थोरलीकडेच बघून हसले होते.

आता बोलायला हवं होतं. पण नुसतं बोलून कोण ऐकणार? दाखवावं लागलं असतं, आणि दाखवायचं तर दुसरं टोक कुणी धरायचं? कामाला येणाऱ्या बायका होत्या. चपळ होत्या, हुशार होत्या. थोरलीनं क्षणभर तसा विचार करून पाहिला. पण ती स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ते हात धाकटीचेच हवेत. आणि धाकटीकडे चालत जायचं, तिला काही मागायचं, हे थोरलीनं मरेपर्यंत करायचं नाही असं ठरवलेलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली ती. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. फक्त उद्या सगळ्या गावासमोर एक परका माणूस त्या तीन जागांत आपलं काहीतरी वाजवून गेला असता, आणि मधले कायमचे अर्धवट राहिले असते.

धून संपली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. धाकटी उठून मागच्या दारानं वाळवणाच्या अंगणात गेली. थोरली थोडा वेळ बसली, मग तीही उठली. खोलीतले सगळे आ वासून बघत राहिले.

अंगणात दोऱ्यांवर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. धाकटी त्यांच्यामध्ये उभी होती.

"तुझे हात हलले," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, पण काही फार विचार करून काढलेलं नव्हतं.

"तुमचेही हलले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. म्हटलं, तुम्ही बोलाल."

"आणि मी म्हटलं, तुझ्या मुलाचा कार्यक्रम, तू बोलशील."

धाकटीनं उगाच एका चादरीची कड सारखी केली. मग ती खाली मान घालून बोलू लागली. दर रविवारी ती बागेत जायची, मधल्यांचा बँड ऐकायला, मागच्या बाकावर बसायची. धून थांबायची तेव्हा मधले डोळे उघडून तिच्याकडेच बघायचे. तिला वाटायचं, वय झालं, दम लागत असेल.

"ते वाट बघायचे हो," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तीस वर्षं दर रविवारी तेवढी जागा आपल्यासाठी मोकळी ठेवायचे, आणि मी बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते."

थोरलीच्या मनात आलं, हिला जवळ घ्यावं, पण ते जमण्यासारखं नव्हतं, सवयच मोडलेली. तिनं दोरीवरची चादर ओढून काढली आणि तिचं एक टोक धाकटीच्या हातात दिलं. "चल," ती म्हणाली. "रडणं नंतर कर. माणसं खोळंबलीत."

आत आल्याबरोबर पहिलं भांडण झालं ते खिडकीकडे कोण उभं राहणार यावर. थोरली म्हणाली, खिडकी माझी. धाकटी म्हणाली, तुम्ही दाराकडे असायचात, उन्हानं डोळे दुखतात म्हणून. ते खरं निघालं. लेकीला सांगितलं, तू वाजव, आम्ही काय करतो तिकडे लक्ष देऊ नकोस. पोरीनं विचारलं, काकू, काय चाललंय? थोरली म्हणाली, वाजव म्हणते ना.

पहिल्या वेळी पार बट्ट्याबोळ झाला. थोरलीनं झटका आधीच दिला, धाकटीचा खांदा कुरकुरला, चादर मध्येच लोंबली. तुम्ही घाई करता, तेव्हाही करायचात, असं धाकटीनं ऐकवलं. तू तेव्हाही ढिलीच धरायचीस, असं थोरलीनं. ढोलवाला हसला, तर दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू घशातच राहिलं.

दुसऱ्या वेळी धून वर चढली, चादर ताणली गेली, क्लॅरिनेट थांबलं. फट्! चादरीचा आवाज खोलीभर घुमला. मग दोघींची पावलं, एकाच वेळी पडणारी. मग घडीवर दोन तळवे, थप, थप. आणि थप विरते न विरते तोच लेकीचं बोट आपोआप खाली आलं. एका श्वासाचाही फरक नव्हता. दुसरी घडी, लहान झटका, निम्मी पावलं. तिसरी, नुसतं चट्, आणि दोघी समोरासमोर. धूनही तिथंच संपली.

बँडमास्तर चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते.

"हे असंच होतं," थोरले खिडकीजवळून म्हणाले. सगळे वळले. "मी खाली बॉयलरवर असायचो. तिसरा झटका ऐकला की कळायचं, गाडी लावायला घ्यावी."

थोरलीनं कंबरेवर हात ठेवले. "तुम्हाला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच ठाऊक आहे."

एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, पण घोडं अडलं ते चिरंजीवांपाशी. पत्रिका गावभर गेल्या आहेत. पाहुणे निघाले आहेत. आणि व्यासपीठावर दोन म्हाताऱ्या चादरी झटकणार? लोक हसतील, काकाचं हसं होईल. धाकटी भडकली. चादरींवर पोसला गेलास, लाज वाटत असेल तर उद्या मागच्या रांगेत बस, म्हणाली. तेव्हा थोरलीच मध्ये पडली. त्याला बोलू नकोस, सभागृह त्यानं मिळवलं, पाहुण्याला बोलावलं तेही काकाचं नाव व्हावं म्हणूनच. आपण दोघींनी काय केलं या वर्षात? मोठ्या काकूनं चिरंजीवांची बाजू घेतली होती. जन्मात पहिल्यांदाच तसं घडत होतं.

"मला एकदा कुणी विचारलं होतं," लेक हळूच म्हणाली. क्लॅरिनेट तिच्या मांडीवर होतं. "तुझे वडील गोष्टी अर्ध्यावर सोडायचे का? मी हो म्हणाले होते. मला तसंच वाटायचं. दादा, त्यांचं आहे तसंच वाजेल. कुणी हसलं तर हसू दे."

चिरंजीवांनी मान खाली घातली आणि विचारलं, चादर पांढरी घ्यायची की हॉटेलची निळ्या काठाची? थोरली म्हणाली, पांढरी. धाकटी म्हणाली, निळ्या काठाची लांबून नीट दिसेल. थोरलीनं ओठ मुडपले आणि निळ्या काठाची कबूल केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. हॉटेलांतले खानसामे, दवाखान्यांतल्या नर्सा, चौकातला न्हावी, शाळेतली पोरं, ज्यांनी मधल्यांना कधी घरी चहालाही बोलावलं नव्हतं तेही. या गावात ती धून सगळ्यांच्या ओठावर होती. सायकलवरून जाताना शीळ घालायची ती हीच, बाळ झोपेना की गुणगुणायची ती हीच. कुणी केली म्हणून विचारलं असतं तर निम्म्यांनी सांगितलं असतं, ती आहेच की पहिल्यापासून.

पाहुणे आले. चिरंजीवांनी घाम पुसत पुसत त्यांना सगळं सांगितलं. "मग मी काय वाजवू?" पाहुण्यांनी विचारलं. धाकटीनं सांगितलं, तुम्ही बसून ऐका, पहिल्या रांगेत चांगली खुर्ची ठेवलीय. माणूस मोठा होता, पण समंजस निघाला. क्लॅरिनेटची पेटी पायाशी ठेवून बसला.

दोघी जावा चादर घेऊन व्यासपीठावर आल्या तेव्हा सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी ओरडलं, सतरंजी पण आणा. इतक्या लोकांसमोर थोरली कधी उभी राहिली नव्हती, आणि आता तिला लख्ख दिसलं की चिरंजीव म्हणत होता ते खरं होऊ शकतं. तिनं समोर पाहिलं. धाकटी टोकं धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, पण हात ताठ.

धून सुरू झाली. लोक आपल्या ओळखीचं ऐकून सैलावले, कुणी मान हलवू लागलं. वर चढली. ताणली गेली. थांबली.

फट्!

पुढच्या रांगेतलं एक मूल दचकलं. हसणं कुठल्या कुठे गेलं. दोघींची पावलं लाकडी फळ्यांवर वाजली, मग घडीवर तळवे, थप, थप, आणि क्लॅरिनेट त्या थापेवरूनच उठलं. तेव्हा लोकांना कळलं. कसं कळलं कोण जाणे, पण सभागृहभर एक श्वास घेतल्याचा आवाज थोरलीनं स्पष्ट ऐकला. दुसऱ्या घडीला सगळे पुढे सरकून वाट बघत होते. तिसऱ्या घडीला पाहुण्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले तिला दिसले. शेवटचा सूर आणि शेवटची थाप एकत्र पडली. दोघी नाकासमोर नाक अशा उभ्या, मध्ये चौकोनी घडी. थोरलीला धाप लागली होती. या वयात इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग छप्पर उडेल असा गजर झाला. माणसं उभी राहिली, नर्सा रडत होत्या, न्हावी शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत होता, आणि सगळ्यात आधी उठले होते ते पाहुणे. चिरंजीव भिंतीला टेकून लहान मुलासारखे डोळे पुसत होते. निवेदिकेनं हातातला कागद वाचायला घेतला, अपूर्ण राहिलेली ही... आणि ती अडखळली. थोरली सरळ चालत गेली आणि तिनं माइक आपल्याकडे वळवला.

"ही धून आमच्या मधल्या भाऊजींनी केली," ती म्हणाली. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून ती जरा थांबली. "लाँड्रीत, टबावर बसून. लोक म्हणायचे, मध्ये काहीतरी राहिलंय. त्यांचं काही राहिलं नव्हतं. आम्हा दोघींचं यायचं राहिलं होतं. आता आलोय."

टाळ्यांना खळ पडेना. मग 'पुन्हा, पुन्हा' सुरू झालं. बँडमास्तरांनी हात वर केला, पण लेकीला वाजवता येईना. ती हसत होती, रडत होती, क्लॅरिनेट ओठाला लावायची आणि खाली घ्यायची. धाकटी घडी उलगडून आपल्या जागी जाऊन उभी राहिली होती. थोरलीही गेली. चादर दोघींच्या मध्ये लोंबत राहिली, आणि वाजवायला कुणी नाही.

तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी शीळ घातली. खालच्या सुरात, सावकाश. मग त्याच्या शेजारच्यानं. मग खानसाम्यांनी, शाळेतल्या पोरांनी, बायकांनी गुणगुणत. बघता बघता अख्खं सभागृह ती धून म्हणू लागलं. जन्मभर येत होती त्यांना, बँडची गरज नव्हती. सूर वर चढला, तशी दोघींनी चादर ताणली. आणि त्या जागेपाशी आल्यावर, कुणी बोट वर केलं नाही, कुणी खूण केली नाही, तरी एवढी माणसं एकदम थांबली, आणि दोघी जावांकडे बघत राहिली.

फट्!